रोझा लक्झेंबर्ग: एका नावाचे इतके वारसदार का?

पोलंडमध्ये जन्मलेली आणि जर्मनीत राजकारण केलेली मार्क्सवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग हिला देशाच्या निवडणुकीत एकदाही मत देता आलं नाही. जर्मनीत बायकांना मताधिकार मिळाला नोव्हेंबर 1918 मध्ये. त्यानंतरची पहिली देशव्यापी निवडणूक झाली 19 जानेवारी 1919 ला, आणि रोझाचा खून झाला 15 जानेवारीला. ती कधी मंत्री नव्हती, खासदार नव्हती. आपणच उभ्या केलेल्या पक्षाच्या पहिल्याच अधिवेशनात कळीच्या प्रश्नावर तिची बाजू 62 विरुद्ध 23 मतांनी पडली होती. तरीही दर जानेवारीत बर्लिनमध्ये हजारो लोक तिच्या नावाने मोर्चा काढतात आणि फ्रीड्रिक्सफेल्डेच्या स्मशानभूमीत तिच्या शिळेवर लाल कार्नेशनची फुलं ठेवतात. तिच्याशी आपलं नातं सांगणाऱ्यांत कम्युनिस्ट आहेत, कम्युनिस्टांचे विरोधक आहेत, स्त्रीवादी आहेत, युद्धविरोधी आहेत. प्रत्येकाने तिच्या लेखनातला आपल्या सोयीचा तुकडा उचलला आहे. रोझा समजून घ्यायची तर हे तुकडे कुठून आले आणि कुठे जोडलेले होते, तेवढं बघावं लागतं.

आयुष्याचा आराखडा थोडक्यात असा. जन्म 1871 चा, झामोश्च या गावी. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. घर ज्यू, वडील लाकडाचे व्यापारी, पाच भावंडांत ही धाकटी. लहानपणी कंबरेच्या सांध्याचा आजार झाला, निदान चुकलं, वर्षभर अंथरुणात गेलं आणि पाय कायमचा लंगडा राहिला. वॉर्सात शाळा झाली आणि शाळकरी वयातच बेकायदा समाजवादी गटांशी संबंध आला. अटक होईल या भीतीने 1889 मध्ये ती स्वित्झर्लंडला पळाली. झुरिक विद्यापीठ मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश देणाऱ्या मोजक्या विद्यापीठांपैकी होतं. तिथे 1897 मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. विषय होता पोलंडचा औद्योगिक विकास.

हा प्रबंध लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्यात तिने दाखवलं होतं की लोद्झसारख्या शहरांतल्या कापडगिरण्या चालतात त्या रशियाच्या बाजारपेठेवर. यातून तिने काढलेला निष्कर्ष पोलिश देशभक्तांना कधीच पचला नाही: स्वतंत्र पोलंडची मागणी कामगारांच्या कामाची नाही, पोलिश आणि रशियन कामगारांनी मिळून झारला खाली खेचावं. 1893 मध्ये तिने आणि लिओ योगिखेसने याच भूमिकेवर वेगळा पोलिश पक्ष काढला. योगिखेस तिचा अनेक वर्षांचा जोडीदार. पक्षाची गुप्त यंत्रणा तो सांभाळायचा, लिहायची आणि बोलायची ती.

पण त्या काळी समाजवादाचं मोठं घर होतं जर्मनीत. तिथला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष जगातला सगळ्यात मोठा कामगारपक्ष होता. परदेशी बाई तिथे राजकारण करू लागली तर पोलीस तिला सरळ सीमेबाहेर काढणार. म्हणून गुस्ताव ल्युबेक या जर्मन तरुणाशी तिने निव्वळ कागदापुरतं लग्न केलं, नागरिकत्व मिळवलं आणि 1898 च्या मे महिन्यात बर्लिन गाठलं. घटस्फोटाला मात्र पाच वर्षं लागली.

बर्लिनला येताच तिने थेट पक्षातल्या बड्या माणसाशी वाद घातला. एडुआर्ड बर्नस्टाइनचं म्हणणं होतं की भांडवलशाही मार्क्सने सांगितल्याप्रमाणे कोसळत नाहीये. कर्जव्यवस्था आणि कंपन्यांचे संघ यांमुळे ती संकटांशी जुळवून घेते आहे. तेव्हा क्रांतीची भाषा सोडा, कामगार संघटना आणि संसद यांच्या वाटेने हळूहळू सुधारणा करा. रोझाचं उत्तर मुद्देसूद होतं. कर्जामुळे संकट टळत नाही, मोठं होतं, कारण उधारीच्या बळावर उत्पादन मागणीच्या फार पुढे पळतं आणि ज्या दिवशी सावकार हात आखडतो त्या दिवशी सगळं एकदम आपटतं. संघटनांची लढाई मजुरी टिकवते, पण बाजार ती पुन्हा पुन्हा खाली ढकलतो. त्यामुळे ती लढाई कधी संपत नाही. यासाठी तिने ग्रीक पुराणातल्या सिसिफसची उपमा वापरली, तोच तो, डोंगरावर धोंडा ढकलत राहणारा. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना ही उपमा इतकी झोंबली की त्यांनी ती शेवटपर्यंत विसरली नाही.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. रोझा सुधारणांच्या विरोधात नव्हती. मतदानाचा हक्क, आठ तासांचा दिवस, संघटना करायची मोकळीक, हे सगळं तिला हवंच होतं. तिचं म्हणणं एवढंच की सुधारणा हे साधन आहे. त्यालाच मुक्काम समजलात तर वेगळ्याच गावाला पोचाल.

दुसरा वाद संपाचा. 1905 मध्ये रशियाच्या साम्राज्यात संपांची लाट उसळली. डिसेंबरच्या अखेरीस रोझा खोट्या नावाने, आना माच्के म्हणून, वॉर्सात गेली. मार्च 1906 मध्ये पकडली गेली आणि तिथल्या किल्ल्याच्या दहाव्या विभागात तिला डांबलं. जामिनावर सुटल्यावर फिनलंडमध्ये बसून तिने सार्वत्रिक संपावर पुस्तिका लिहिली. जर्मन पुढारी संपाकडे शिलकीच्या हिशेबाने बघत: निधी किती, सभासद किती, किती आठवडे तग धरू. रशियात घडलं होतं उलटंच. संघटना नव्हत्या, निधी नव्हता. एका कारखान्यात मजुरीवरून काम थांबलं, पोलीस आले की तो संप राजकीय झाला, राजकीय संप विझला की त्यातून शेकडो ठिकाणी पगाराच्या मागण्या पेटल्या, आणि त्या धामधुमीतच संघटना जन्माला आल्या. संप कुणी वरून जाहीर करत नाही आणि वरून बंदही करू शकत नाही, हा तिचा निष्कर्ष. यावरूनच ती ‘उत्स्फूर्ततेची पूजक’ असल्याचा शिक्का बसला. तो पुरता खरा नाही. पक्षाचं काम तिने नाकारलं नव्हतं. लाट कुठे चालली आहे हे ओळखून तिला नेमकी घोषणा देणं हे ते काम, असं ती म्हणत होती.

1907 मध्ये श्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. आपल्याकडे ही परिषद आठवते ती मादाम कामांनी तिथे हिंदुस्थानचा झेंडा फडकवला म्हणून. त्याच परिषदेत रोझाने लेनिन आणि मार्तोव या रशियन समाजवाद्यांसोबत युद्धावरच्या ठरावाला पुस्ती जोडली: युद्ध टाळायचा प्रयत्न करा, आणि तरी ते झालंच तर त्या संकटाचा फायदा घेऊन वर्गसत्ता उलथवा. सगळ्या पक्षांनी हात वर केले. सात वर्षांनी त्यांतल्या बहुतेकांनी हा ठराव गुंडाळून ठेवला.

त्याच वर्षापासून ती पक्षाच्या बर्लिनमधल्या शाळेत अर्थशास्त्र शिकवू लागली. शिकवता शिकवता मार्क्सच्या गणितात तिला एक जागा अडली आणि त्यातून 1913 मध्ये भांडवलाच्या संचयावरचा तिचा मोठा ग्रंथ आला. वाचायला तो जड आहे, पण मूळ प्रश्न घरखर्चाच्या आकड्यांत मावतो.

समजा, एका देशात वर्षाला 100 रुपयांचा माल तयार होतो. त्यात 60 रुपये यंत्रांची झीज आणि कच्चा माल यांचे, 20 रुपये मजुरीचे, उरलेले 20 मालकांचा नफा. हा माल घेणार कोण? 60 चा माल मालक एकमेकांकडून घेतात, कारण झिजलेलं आणि संपलेलं भरून काढायचंच असतं. 20 चा मजूर घेतात. नफ्यातले 10 मालक स्वतःवर उडवतात. झाले 90. राहिलेले 10 त्यांना धंदा वाढवायला गुंतवायचे आहेत, पण त्यासाठी आधी तो 10 चा माल विकला जायला हवा. मजुरांचा खिसा रिकामा झाला आहे, मालकांनी आपली चैन करून घेतली आहे. मग गिऱ्हाईक कोण?

रोझा म्हणते, गिऱ्हाईक भांडवलशाहीच्या बाहेर असतं: शेतकरी, कारागीर, वसाहती. म्हणून भांडवलाला सतत नवा मुलूख लागतो. पण त्या मुलखाला बाजारात ओढलं की तोही हळूहळू भांडवली होतो, म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक कमी होत जातं. साम्राज्यवाद आणि शस्त्रांची शर्यत यांचं मूळ तिला इथे दिसलं.

या हिशेबात भोक आहे, आणि ते टीकाकारांनी लगेच दाखवलं. आधी ओटो बाउअरने, पुढे बुखारिनने. उरलेला 10 चा माल म्हणजे नवी यंत्रं आणि जादा धान्य असेल, तर तो मालक एकमेकांनाच विकू शकतात. एकजण कारखाना वाढवायला दुसऱ्याकडून यंत्र घेतो, नवे मजूर ठेवतो, ते मजूर जादा धान्य घेतात. प्रमाण बरोबर बसलं तर बाहेरच्या गिऱ्हाइकावाचूनही चक्र फिरतं. कागदावर टीकाकार जिंकले. पण मागणीची खात्री नसताना कारखाना वाढवायचं धाडस मालक का करेल, हा रोझाचा सवाल तसाच राहिला. जोन रॉबिन्सनसारख्या केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञाने 1951 च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती उगाच नाही.

शिवाय ग्रंथाची शेवटची प्रकरणं गणितावर अवलंबूनच नाहीत. अल्जीरियातल्या जमिनी, चीनमधली अफूची युद्धं, इजिप्तवरचं कर्ज, आणि हिंदुस्थान. इंग्रजांनी इथली गावाची सामायिक मालकी मोडली, सारा वसूल केला आणि सिंचनाच्या जुन्या व्यवस्थांकडे दुर्लक्ष केलं, हे तिने बर्लिनमध्ये बसून 1913 मध्ये लिहून ठेवलं. त्या काळच्या युरोपीय समाजवाद्यांत वसाहतींना इतकी पानं देणारे थोडेच होते.

युद्धाचं पुढचं प्रकरण झपाट्याने घडलं. सप्टेंबर 1913 मध्ये फ्रँकफर्टजवळच्या सभेत तिने कामगारांना सांगितलं की फ्रेंच भावांवर गोळी झाडायला सांगितली तर नकार द्या. त्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. 4 ऑगस्ट 1914 ला तिच्याच पक्षाने संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. डिसेंबरमधल्या दुसऱ्या मतदानात विरोध करणारा एकटा कार्ल लीब्नेख्त निघाला. तो, रोझा आणि मोजके सहकारी यांचा गट पुढे स्पार्टाकस गट म्हणून ओळखला गेला. युद्धाच्या चार वर्षांतली तीनहून अधिक वर्षं रोझा तुरुंगात होती: बर्लिन, व्रोंके, ब्रेस्लाऊ. तिथे ती चोरून लेख बाहेर पाठवायची, मैत्रिणींना पत्रं लिहायची आणि वाळवलेली फुलं-पानं वह्यांत चिकटवून त्यांखाली लॅटिन नावं लिहायची. ब्रेस्लाऊहून डिसेंबर 1917 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात तुरुंगाच्या आवारात आलेली गाडी आहे. ती ओढणारे रेडे रुमानियातून लुटून आणलेले, सैनिक चाबकाच्या जाड टोकाने त्यांना मारतो आहे, आणि एका रेड्याची फाटलेली जाड कातडी तिने नीट न्याहाळून लिहिली आहे. ‘रक्तपिपासू रोझा’ म्हणून तिला शिव्या घालणारे अनेकजण ही पत्रं छापून आल्यावर गडबडले.

त्याच तुरुंगात 1918 च्या शरदात तिने रशियन क्रांतीवर टिपण लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं. तिच्या मृत्यूनंतर 1922 मध्ये तिचा सहकारी पाउल लेवी याने ते छापलं आणि त्यातलं एक वाक्य जगभर गेलं: स्वातंत्र्य म्हणजे नेहमीच वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. हे वाक्य मूळ मजकुरात नाही, हस्तलिखिताच्या समासात आहे. आसपासचा मजकूर असा: फक्त सरकारच्या पाठीराख्यांसाठी, फक्त एका पक्षाच्या सभासदांसाठी असलेलं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे, मग ते सभासद कितीही असोत. आणि पुढे कारण दिलं आहे, जे बहुतेकजण गाळतात. आपण हे न्यायाच्या वेडापायी म्हणत नाही, असं ती स्पष्ट लिहिते. राजकीय स्वातंत्र्यात जे काही जिवंत, आरोग्यदायी आणि शुद्ध करणारं आहे ते यावरच टांगलेलं असतं, आणि स्वातंत्र्य हा काहींचा विशेषाधिकार झाला की त्याचा गुण येत नाही.

म्हणजे हा युक्तिवाद कामाचा आहे. समाजवाद कसा उभारायचा याचा तयार नकाशा कुणाकडेच नाही, चुका होणार. त्या सापडायच्या तर वर्तमानपत्रं, सभा, निवडणुका चालू पाहिजेत. त्या बंद केल्या तर वरचे डझनभर पुढारी राज्य करतील आणि बाकीचे टाळ्या वाजवायला बोलावले जातील, असं भाकीत तिने त्याच टिपणात केलं आहे. पण हेच टिपण बोल्शेविकांचं, म्हणजे रशियात सत्तेवर आलेल्या लेनिनच्या पक्षाचं, कौतुकही करतं. ‘आम्ही धाडस केलं’ असं म्हणायचा हक्क त्यांनाच आहे, असं ती म्हणते. शिवाय त्यांनी शेतकऱ्यांना जमिनी वाटल्या आणि राष्ट्रांना स्वयंनिर्णय दिला, याबद्दल ती त्यांना डावीकडून झोडपते. ही पानं उदारमतवादी चाहते सहसा उघडत नाहीत.

नोव्हेंबर 1918 मध्ये कैसर गेला आणि रोझा सुटली. तिचे शेवटचे दोन महिने मुळातून समजून घ्यायला हवेत, कारण इथेच तिच्यावर दोन उलट आरोप होतात: लोकशाही बुडवायला निघालेली बाई, आणि कचखाऊ क्रांतिकारक. निवडून येणाऱ्या राष्ट्रीय सभेऐवजी कामगार-सैनिकांच्या परिषदांकडे सत्ता असावी, असं ती लिहीत होती. पण निवडणूक होणार हे पक्कं झाल्यावर तिने कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापना अधिवेशनात ती लढवा असा आग्रह धरला. तरुण प्रतिनिधींनी बहिष्कार मंजूर केला. लेखाच्या सुरुवातीचे 62 आणि 23 ते हेच. लगेच जानेवारीत बर्लिनच्या पोलीसप्रमुखाला, आइखहॉर्नला, काढून टाकलं म्हणून प्रचंड मोर्चा निघाला आणि लीब्नेख्तने पक्षाला न विचारता सरकार उलथवण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. हे अवेळी होतंय असं रोझाला वाटत होतं. तरी लोक रस्त्यावर असताना त्यांच्याविरुद्ध लिहायचं नाही, असं ठरवून तिने पक्षाच्या वर्तमानपत्रातून उठावाचीच बाजू घेतली. सरकार सोशल डेमोक्रॅटांचं, म्हणजे तिच्याच जुन्या पक्षाचं. त्याने उजव्या स्वयंसेवी पलटणी शहरात आणल्या. उठाव आठवडाभरात चिरडला.

15 जानेवारीच्या संध्याकाळी रोझा आणि लीब्नेख्त विल्मर्सडॉर्फमधल्या एका घरात पकडले गेले. त्यांना ईडन हॉटेलात, गार्ड घोडदळ-रायफल डिव्हिजनच्या मुख्यालयात नेलं. तिथला अधिकारी कॅप्टन वाल्डेमार पाब्स्ट. आधी लीब्नेख्तला बाहेर नेलं, टियरगार्टन बागेत गोळी घातली आणि बेवारस प्रेत म्हणून जमा केलं. मग रोझाला दाराशी आणलं. रुंगे नावाच्या सैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने तिच्या डोक्यावर प्रहार केले, मग गाडीत घालून पुढे नेताना एका अधिकाऱ्याने कानशिलात गोळी घातली आणि प्रेत लांडवेअर कालव्यात टाकण्यात आलं. सरकारी पत्रक निघालं: लीब्नेख्त पळताना मारला गेला, रोझाला जमावाने मारलं.

खटला मे 1919 मध्ये झाला तो लष्करी न्यायालयात, खुन्यांच्याच डिव्हिजनच्या. रुंगेला दोन वर्षं. गाडीसोबत असलेल्या लेफ्टनंट फोगलला दोन वर्षं चार महिने, तीही खुनाबद्दल नव्हे. प्रेताची विल्हेवाट आणि खोटा अहवाल एवढ्याबद्दल. तो काही दिवसांतच खोट्या कागदपत्रांवर हॉलंडला पसार झाला. पुढे संशोधनात गोळी झाडणारा म्हणून दुसऱ्याच अधिकाऱ्याचं, हर्मान सूखोनचं, नाव पुढे आलं. पाब्स्टवर खटला कधी चाललाच नाही. 1962 मध्ये ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाला मुलाखत देऊन त्याने हुकूम आपणच दिल्याचं सांगितलं, आणि 1970 मध्ये तो म्हातारपणाने मेला. योगिखेसने खुन्यांची नावं शोधून फेब्रुवारी 1919 मध्येच छापली होती. मार्चमध्ये पोलिसांच्या कोठडीत त्यालाही गोळी घातली.

कालव्यातून मे महिन्याच्या अखेरीस एका बाईचं प्रेत निघालं. रोझाची सचिव माथिल्डे याकोब हिने कपडे आणि हातमोजे यांवरून ओळख पटवली, आणि 13 जूनला दफन झालं. 2009 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या तळघरात डोकं, हात आणि पाऊल नसलेलं एक जुनं प्रेत पाहून न्यायवैद्यक प्रमुखांनी शंका काढली की खरी रोझा हीच. आधार असा की 1919 च्या शवविच्छेदन अहवालात सांध्याच्या व्यंगाचा उल्लेखच नाही. डीएनए जुळवायचे प्रयत्न झाले, निर्णायक पुरावा मिळाला नाही. इतिहासकारांपैकी बऱ्याचजणांना हा दावा पटलेला नाही.

मेल्यावर तिची वाटणी सुरू झाली. लेनिनने 1922 मध्ये तिच्या चुकांची यादी दिली, पण गरुड कधी कोंबडीपेक्षाही खाली उडतो, कोंबडी मात्र गरुडाच्या उंचीवर कधी जात नाही, असंही लिहिलं. जर्मन कम्युनिस्ट पक्षातल्या रुथ फिशरने तिच्या विचारांना सिफिलिसच्या जंतूंची उपमा दिली. 1931 मध्ये स्टालिनने तिला अधिकृतपणे चुकीच्या रांगेत बसवलं. त्याच काळात नाझींनी, 1935 मध्ये, वास्तुकार मीस व्हान डेर रोहेने बांधलेलं तिचं विटांचं स्मारक पाडून टाकलं. युद्धानंतर पूर्व जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला विल्हेल्म पीक. तो पक्षशाळेत तिचा विद्यार्थी होता आणि 15 जानेवारीला तिच्यासोबतच पकडला गेला होता. त्यामुळे हुतात्मा म्हणून तिला पूर्ण मान, रस्ते, चौक, सरकारी मोर्चा. समासातल्या त्या वाक्याचा मात्र उच्चार नाही. 1974 मध्ये टिपण समग्र लेखनात छापलं गेलं, आणि जानेवारी 1988 मध्ये विरोधकांनी तेच वाक्य फलकावर लिहून सरकारी मोर्चात शिरायचं ठरवलं. शंभरहून अधिक लोक पकडले, अनेकांना पश्चिमेला धाडून दिलं. पश्चिम जर्मनीत 1974 च्या टपाल तिकिटावर ती आली तेव्हा तिथेही गदारोळ झाला. पोलंडमध्ये वेगळाच हिशेब: 2018 मध्ये झामोश्चमधला तिच्या जन्माचा फलक कम्युनिस्ट खुणा काढून टाकण्याच्या कायद्याखाली उतरवला. ज्या बाईला कम्युनिस्ट जगाने अर्धंच स्वीकारलं तिच्यावर हा कायदा लागला, याचं कारण बरंचसं त्या जुन्या प्रबंधात आहे.

तिचं लेखन वाचायचं असेल तर तुरुंगातली पत्रं आधी घ्या, मग संपावरची पुस्तिका. ती सर्वांत वेगवान आहे. बर्नस्टाइनशी वाद त्यानंतर. संचयाचा ग्रंथ शेवटी, आणि त्यातही शेवटची, वसाहतींवरची प्रकरणं आधी वाचली तर सुरुवातीची सोपी जातात. रशियन क्रांतीवरचं टिपण छोटं आहे, एका दुपारी होतं. ते जमीनवाटपाच्या भागापासून वाचा, समासातल्या वाक्यापासून नको.